ह्युएनत्संगाचे महाराष्ट्रवर्णन : लोकस्वभावाच्या पुराव्याचा प्रश्न

महाराष्ट्राच्या सांस्कृतिक इतिहासाची चर्चा निघाली की चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग याच्या साक्षीचा हवाला हमखास दिला जातो. मराठी माणूस मानी, उपकार स्मरणारा आणि अपमानाचा सूड घेणारा आहे, असे त्याने सातव्या शतकात नोंदविले. म्हणून हा स्वभाव तेराशे वर्षांचा आहे, असा निष्कर्ष त्यातून काढण्यात येतो. हा निष्कर्ष त्या मजकुराला कितपत पेलतो, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ह्युएनत्संग इ. स. ६४५ मध्ये स्वदेशी परतला. तांग सम्राट ताइ-त्सुंग याच्या आज्ञेवरून त्याचा ‘सि-यू-की’ हा वृत्तांत ६४६ मध्ये सिद्ध झाला. त्यातील देशवर्णनांना एक ठरीव साचा आहे. देशाचा घेर, राजधानी, जमीन, हवामान, लोकांचे आचार व स्वभाव, मग संघाराम, भिक्षू आणि देवालये असा हा क्रम बहुतेक ठिकाणी आढळतो. स्वभावाची नोंद बहुधा दोन-चार विशेषणांत आटोपते. ही विशेषणे परस्परांशी ताडून पाहिल्याखेरीज त्यांपैकी कोणत्याही एकाचे वजन कळत नाही.

महाराष्ट्राच्या आगेमागे येणारी वर्णनेच पाहावीत. कोंकणपुराचे लोक त्याला काळे व उग्र, तरी विद्येची चाड असणारे वाटले. भरुकच्छाची भूमी खारट. तेथील लोक समुद्रावर उपजीविका करणारे, कपटी आणि विद्याविमुख. माळव्याचे लोक मात्र सौम्य व बुद्धिमान. विद्येच्या बाबतीत त्याने माळव्याला मगधाच्या पंक्तीला बसविले आहे. येथे विद्येविषयीची आस्था हा त्याचा एक मुख्य निकष दिसतो. महाराष्ट्रीयांनाही तो विद्याप्रेमी म्हणतो. परंतु शौर्याची चर्चा रंगली की हे विधान मागे पडते. भरुकच्छाविषयीचे मत एका परकीयाचा पूर्वग्रह म्हणून सोडून द्यायचे आणि महाराष्ट्राविषयीचे मत मात्र प्रमाण मानायचे, ही पद्धत अभ्यासाची नव्हे.

तथापि महाराष्ट्राच्या वर्णनात साचा मोडणारा काही भाग आहे, आणि खरे मोल त्याचे आहे. तेथे विशेषणे थांबतात व रीती सुरू होतात. सूड घेण्यापूर्वी शत्रूला आगाऊ सूचना दिली जाते. मग दोघेही चिलखत चढवून भाला हाती घेतात. पळणाऱ्याचा पाठलाग होतो, परंतु शरण आलेल्याला मारीत नाहीत. पराभूत सेनापतीला अन्य शिक्षा न करता स्त्रीवेष देतात. लढाईपूर्वी वीर आणि हत्ती दोघांनाही मद्य पाजले जाते. ‘मानी’ हे विशेषण कोणत्याही समाजाला लावता येते. स्त्रीवेषाची शिक्षा ही मात्र विशिष्ट व्यवस्थेची खूण आहे. ती व्यवस्था सैन्याची आहे, सर्व समाजाची नव्हे.

या मजकुराला राजकीय संदर्भही आहे. ज्या हर्षाने पुढे यात्रेकरूचा मोठा सन्मान केला, त्यालाच हा देश जिंकता आला नाही, असे तो स्पष्टपणे लिहितो. इ. स. ६३४–३५ च्या ऐहोळे प्रशस्तीत रविकीर्तीने दुसऱ्या पुलकेशीचा हर्षावरील विजय गायिला आहे. म्हणजे प्रतिपक्षाच्या आश्रिताकडून त्या गोष्टीला दुजोरा मिळतो. त्याच प्रशस्तीत पुलकेशीच्या सत्तेखाली तीन महाराष्ट्रके आणि नव्याण्णव हजार गावे असल्याचे म्हटले आहे. तेव्हा ह्युएनत्संगाचा महाराष्ट्र म्हणजे प्रामुख्याने चालुक्यांचे राज्य होय. आजच्या मराठी भाषकांची भूमी आणि ते राज्य यांच्या सीमा एक मानता येत नाहीत. शिवाय ६४२ च्या सुमारास पल्लव नरसिंहवर्म्याने वातापी जिंकली. अजिंक्यतेचे हे चित्र त्या राज्याच्या ऐन भरातील आहे.

याच्या जोडीला शके ७०० मध्ये जालोर येथे पूर्ण झालेली उद्योतनसूरीची ‘कुवलयमाला’ ठेवावी. तिच्यात बाजारात जमलेल्या देशोदेशींच्या व्यापाऱ्यांचे बांधा, स्वभाव व बोली यांवरून वर्णन आहे. तेथील मराठा बळकट, ठेंगणा, सावळा, सोशिक, अभिमानी व भांडखोर आहे. ह्युएनत्संगाला हेच लोक उंच दिसले होते! अभिमान दोन्हीकडे समान. बांधा मात्र उलट. एकाच्या नजरेपुढे रणांगणाची कीर्ती होती, दुसऱ्याच्या पुढे बाजारपेठ. एकाची जिज्ञासा धर्म व राज्य यांविषयीची, दुसऱ्याची बोलीविषयीची. मराठी भाषेच्या अभ्यासकाला दुसरा साक्षीदार अधिक जवळचा आहे, कारण त्याने या लोकांचे बोलणे कानांनी टिपले. पहिला त्यांच्या भाषेविषयी विशेष काही सांगत नाही.

अशा वृत्तांतांतून लोकस्वभाव सिद्ध होत नाही. त्यांतून सिद्ध होते ते इतकेच, की अमुक काळी, अमुक वर्गाची, अमुक रीत एका परक्याच्या नजरेत भरली. उतारा वापरताना त्याच्या शेजारचे उतारे वाचावेत, विशेषणे आणि रीती वेगळ्या कराव्यात, आणि पाहणारा कोठे उभा आहे हे विचारावे. एवढे केल्यावर हाती येते ते थोडे असते. परंतु ते इतिहासाच्या कामाचे असते.