हात लावण्याआधी बघ

पोरी, वालचंद कॉलेजमधल्या लिनक्स युजर्स ग्रुपनं तुला बरंच शिकवलंय. आता साखर कारखान्याच्या संगणक विभागात लागलीस, म्हणून मामाचे चार शब्द सांगतो. कमांडची नावं आपण तोंडानं म्हणतो तशी लिहिली आहेत. टाइप करताना अक्षरं छोटी, आणि ‘मोठा’ म्हटलंय तिथंच मोठं.

गळीत हंगामात गाळप रात्रंदिवस चालतं. वजनकाट्याचा सर्व्हर अडला की फाटकाबाहेर ट्रॅक्टरची रांग लागते. तोडलेला ऊस वाळत जातो, वजन घटतं, उताराही घटतो, आणि त्यातलं वजन शेतकऱ्याच्या बिलातून जातं. म्हणून फोन करणारा प्रत्येक जण एकच सांगतो, ‘बंद करून चालू करा.’ ते तू सगळ्यात शेवटी कर. रीस्टार्टनं गाडी सुरू होईलही, पण कोणता प्रोग्राम अडला होता, मेमरी कुणी खाल्ली होती, हा पुरावा त्याच क्षणी पुसला जातो आणि बिघाड पुढच्या रात्री परत येतो. आधी दोन मिनिटं नुसतं बघायचं.

सुरुवात अपटाइमनं. शेवटचे तीन आकडे म्हणजे गेल्या 1, 5 आणि 15 मिनिटांतला सरासरी लोड. मशीनला कोअर किती ते एनप्रॉक सांगतं. चार कोअरवर लोड 3 असेल तर घाबरायचं कारण नाही. 20 असेल तर टॉप उघड. सीपीयू मोकळा आणि लोड मात्र चढलेला दिसला, तर डब्ल्यूएचा आकडा बघ. तो मोठा असेल तर प्रोग्राम डिस्कची वाट बघत ताटकळलेत. मग डीमेसेज -मोठा टी दे. तिथं आय/ओ एररच्या ओळी दिसल्या तर डिस्क मरायला टेकली आहे असं धर. आधी डेटा बाहेर काढ, दुरुस्तीचं मागाहून.

यानंतर डीएफ -एच. 1971 च्या पहिल्या युनिक्स मॅन्युअलमध्येही डीएफ आणि डीयू होत्या, आणि आजही पुष्कळ तक्रारी भरलेल्या डिस्कपाशीच येऊन थांबतात. पण या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नको. जागा शिल्लक दिसते आणि तरी प्रोग्राम ‘जागा नाही’ म्हणून रडतो, तेव्हा डीएफ -आय बघ. प्रत्येक फाइलला एक आयनोड लागतो. वजनपावत्यांच्या लाखो बारीक फाइली साठल्या की डिस्क अर्धी रिकामी असूनही आयनोड संपतात. उलटंही होतं: डीएफ 100 टक्के दाखवतं आणि डीयूनं फोल्डर मोजले तर बेरीज निम्मीसुद्धा भरत नाही. अशा वेळी बहुधा कुणीतरी भलीमोठी लॉग फाइल आरएमनं उडवलेली असते, पण प्रोग्रामनं ती अजून उघडी धरलेली असते. नाव गेलं, जागा सुटली नाही. एलएसओएफ +मोठा एल 1 दिलंस की अशा फाइली आणि त्या धरून बसलेले प्रोग्राम समोर येतात. तेवढाच प्रोग्राम रीस्टार्ट कर, अख्खा सर्व्हर नको. चालू लॉग कधीही आरएमनं काढू नको. शेवटच्या हजार ओळी बाजूला ठेवून ट्रंकेट -एस 0 नं रिकामी कर, आणि कायमचा उपाय म्हणून लॉगरोटेट लाव.

सांगलीत कृष्णेवरच्या इर्विन पुलापाशी 40 फुटांना इशारा आणि 45 फुटांना धोका, हे शाळकरी पोरालाही पाठ असतं. डिस्कलाही तशाच दोन रेषा आखून ठेव. 80 टक्क्यांना तुला मेसेज, 90 ला तुझ्या साहेबांनाही. क्रॉनमध्ये डीएफची छोटी स्क्रिप्ट टाकली की भागतं.

लॉग वाचताना टेल -मोठा एफ वापर. छोट्या एफनं चालू ठेवलेली टेल लॉग फिरल्यावर जुन्याच फाइलला चिकटून राहते आणि आपण उगाच ‘काही येत नाही’ म्हणून बसतो. ग्रेपला -मोठा सी 5 जोडलंस तर चुकीच्या ओळीच्या मागच्यापुढच्या पाच ओळीही मिळतात. खरं कारण अनेकदा मागच्या ओळीत असतं. वीज जाऊन मशीन बंद पडलं असेल तर जर्नलसीटीएल -बी -1 आधीच्या बूटची हकीकत सांगतं, पण जर्नल डिस्कवर साठवलं जात असेल तरच. ते आजच तपास. वेळही बघ: सर्व्हर यूटीसीवर असेल तर लॉग काट्याच्या पावतीपेक्षा साडेपाच तास मागे दिसेल.

नेटवर्कची तक्रार आली तर जवळून लांब जा. आधी गेटवेला पिंग, मग बाहेरच्या एखाद्या आयपीला, मग नावाला. आयपी उत्तर देतो आणि नाव देत नाही, तर दुखणं डीएनएसचं, डिग लाव. मशीन गाठता येतं पण सेवा मिळत नाही, तर त्या मशीनवर एसएस -टीएलएनपी. सेवा 127.0.0.1 वरच ऐकत असेल तर बाहेरून कुणालाच लागणार नाही.

प्रोग्राम बंद करायची पाळी आली तर साधं किल आधी. त्यात त्याला आवरून निघायची संधी मिळते. डेटाबेसवर किल -9 चालवायचा नाही, कितीही घाई असो. लांबून काम करताना टीमक्समध्ये कर, म्हणजे लाइन तुटली तरी काम तुटत नाही. एसएसएचची सेटिंग बदललीस तर एसएसएचडी -टीनं तपास, आणि नवीन लॉगिन जमेपर्यंत जुनी खिडकी मिटू नको.

आता बॅकअप. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा इर्विन पुलापाशी 57 फुटांच्या वर गेली होती, जुलै 2021 मध्ये पुन्हा शहरात पाणी शिरलं. सर्व्हरशेजारी तळमजल्यावर ठेवलेल्या प्रतीला मी बॅकअप म्हणत नाही. डेटाबेसचा रीतसर डंप काढ आणि तो रोज रात्री आरसिंकनं दुसऱ्या गावी, साताऱ्यासारख्या उंचावरच्या ठिकाणी पाठव. डिलीटचा पर्याय लावणार असशील तर आधी -एन -व्ही देऊन नुसती यादी बघ. मूळ फोल्डरच्या नावाच्या शेवटी तिरकी रेघ दिली तर आतलं सामान जातं, नाही दिली तर फोल्डरच जातो. ही एक रेघ नको तिथं देऊन डिलीट चालवलं तर पलीकडची जुनी प्रत पुसली जाऊ शकते.

दिवाळीच्या आसपास बॉयलर पेटेल. त्याआधी साताऱ्याच्या प्रतीतून एक पूर्ण डेटाबेस दुसऱ्या मशीनवर खरोखर उभा करून बघ, किती तास लागले ते वहीत लिही, आणि तो आकडा साहेबांना लेखी दे.