कमळाचे जवळचे कोण?

प्रश्न : कमळ आणि कुमुद एकाच तळ्यात वाढतात, दिसतातही सारखी. तरी आता त्यांची कुळं वेगळी मानतात, असं वाचलं. डीएनए बारकोडवरून हे कसं ठरवतात?

उत्तर : वाचलंत ते खरं आहे, आणि पुढची गोष्ट त्याहून नवलाची आहे. कमळाच्या जवळच्या नात्यात येतात काश्मीरचा चिनार आणि आपल्याकडे रस्त्याकडेला लावलेला सिल्व्हर ओक! बेंथम आणि हूकर या वनस्पतिशास्त्रज्ञांनी कमळाला कुमुदाच्याच कुळात बसवलं होतं आणि आपल्या महाविद्यालयांतही अनेक वर्षं तेच शिकवलं गेलं.

आता बारकोडविषयी. जाती ओळखण्यासाठी ठरवून घेतलेला डीएनएचा छोटा तुकडा म्हणजे बारकोड. प्राण्यांच्या बारकोडसाठी वापरतात ते मायटोकाँड्रियातलं जनुक वनस्पतींत फारच सावकाश बदलतं, म्हणून इथे उपयोगाचं नाही. २००९ साली शास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने हरितलवकातल्या दोन जनुकांचे तुकडे सुचवले : आरबीसीएल आणि मॅटके. कार्बन डायऑक्साइड पकडणाऱ्या विकराचा मोठा घटक आरबीसीएलमुळे बनतो. ते हळू बदलतं, त्यामुळे दूरच्या कुळांची तुलना करता येते. मॅटके जरा भराभर बदलतं, ते जवळच्या नात्यांसाठी बरं.

पान सिलिका जेलमध्ये वाळवतात, डीएनए काढतात, पीसीआरने हव्या त्या तुकड्याच्या असंख्य प्रती करतात आणि ए, टी, जी, सी ही अक्षरं वाचून ओळीखाली ओळ लावतात. खरी कसोटी पुढे लागते. नुसतं साम्य मोजून भागत नाही. जुन्या पोथीच्या नकलांत दोन ठिकाणी तीच चूक सापडली, तर त्या दोन्ही एकाच प्रतीवरून उतरल्या असाव्यात असा तर्क आपण करतो. इथेही तसंच : नव्याने झालेला बदल कोणाकोणात सामाईक आहे, हे पाहायचं. एखादा बदल योगायोगानेही दोघांत होतो, म्हणून शेकडो जागा एकत्र तपासाव्या लागतात.

बारकोड हा शब्द रुळण्याआधीच, १९९३ साली, मार्क चेस आणि त्यांच्या ४१ सहकाऱ्यांनी सुमारे ५०० बीजधारी वनस्पतींचं आरबीसीएल असं ताडून पाहिलं. त्यात कमळ कुमुदापासून दूर, चिनाराच्या गटापाशी गेलं. पुढे इतर जनुकांनीही तेच सांगितलं. खुणा फुलात आणि पानातही होत्याच. कमळाच्या परागकणाला तीन खाचा असतात, कुमुदाच्या नसतात. कमळाचं पान पाण्याच्या वर उभं राहतं, देठ बरोबर मधोमध जोडलेला. कुमुदाचं पान पाण्यावर पसरतं आणि त्याला कडेपासून देठापर्यंत चीर असते. पाण्यात राहून दोघांचं रूप सारखं झालं, रक्ताचं नातं नव्हतं.

बारकोडवर सगळा भार टाकू नये, असं मात्र मला आग्रहाने सांगायचं आहे. २००९च्या चाचणीत या दोन तुकड्यांनी ७२ टक्के जातीच वेगळ्या ओळखता आल्या. शिवाय बहुतेक फुलझाडांत हरितलवक आईकडूनच येतं, त्यामुळे संकरित झाडाचा बाप त्यात दिसत नाही. त्याचा माग काढायला पेशीकेंद्रातलं डीएनए वाचावं लागतं.