बळदातल्या बाटल्या

सोलापूरहून तुळजापूरला निघालं की वाटेत तामलवाडी लागते. दोन्ही अंगांना माळ, ज्वारी, आणि ज्याच्या विहिरीला पाणी त्याच्याकडं द्राक्षाचा मांडव. अशा गावात घरी वाईन जपून ठेवणारा माणूस लोकांच्या लेखी एक तर पैसेवाला असतो, नाही तर वाया गेलेला. मी द्राक्षवाल्या घरातला. आपल्या मालाचं पुढं काय काय होऊ शकतं ही उत्सुकता माझ्या बाबतीत बेदाण्यापाशी थांबली नाही, एवढंच. वाड्यातलं ज्वारीचं बळद रिकामं पडलं होतं, तिथं बाटल्या ठेवू लागलो. त्यातून जे कळत गेलं ते लिहून ठेवतोय.

१. बळद ऊन अडवतं, गारवा देत नाही.

बळद म्हणजे माजघरामागची बिनखिडकीची, जाड भिंतींची धान्याची खोली. आमच्याकडं पेव, म्हणजे धान्य साठवायचा जमिनीखालचा खड्डाही होता. पेवात उतरायच्या आधी त्याचं तोंड बराच वेळ उघडं ठेवायचे, मग आत कंदील सोडायचे. कंदील विझला तर कुणी उतरायचं नाही, कारण साठवलेलं धान्यही श्वास घेतं आणि आत कार्बन डायऑक्साइड कोंडतो. पेवात बाटल्या ठेवायची हौस मी त्यामुळं केली नाही.

युरोपातल्या तळघरांचं वर्णन वाचलं की वाटतं, जमिनीखाली गेलं म्हणजे झालं. पण जमिनीच्या पोटातलं तापमान हे साधारण त्या मुलखाच्या वर्षभराच्या सरासरीइतकंच असतं. फ्रान्समधल्या बोर्दोची सरासरी 13-14 अंश, म्हणून तिथल्या तळघराला वेगळं काही करावं लागत नाही. सोलापूर भागाची सरासरी 27 च्या घरात. आपण कितीही खणलं तरी त्याच्या फार खाली जाणार नाही. बळदाचा उपयोग आहे, पण तो वेगळा. मे महिन्यात बाहेर 42 अंश असताना आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त असताना बळदातला पारा हळूहळू चढतो आणि हळूहळूच उतरतो. दिवसा तापणं, रात्री निवणं हा खेळ बाटलीला फार बाधतो. आतला द्रव फुगतो, आकसतो, बुचाला ढकलतो, आणि बुचाच्या कडेनं हवा आत शिरते.

रसायनशास्त्रातला एक ढोबळ हिशेब आहे: 10 अंश वाढले की बदलाचा वेग साधारण दुप्पट होतो. तिकडं चार वर्षं निवांत पडून राहील अशी बाटली आमच्याकडं दोन वर्षांतच म्हातारी होते. म्हणून माझं बळद दिवाळी ते गुढीपाडवा एवढंच कामाचं. पाडव्यानंतर उरलेल्या बाटल्या फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात जातात. तिथं कोथिंबिरीशी आणि घरच्यांशी जागेवरून वाद होतो. तो मी दरवर्षी हरतो, म्हणून पाडव्याला बाटल्या कमी उरतील असंच बघतो.

२. ठेवली म्हणजे चांगली होते, हे सगळ्या बाटल्यांना लागू नाही.

हा समज फार खोल रुजलाय. पाहुणे भेट दिलेली बाटली पुढच्या वर्षीही शोकेसमध्येच बघतात आणि खूश होतात. आपल्याकडच्या बहुतेक वाइन ताज्या प्यायसाठीच केलेल्या असतात. पांढरी दोन वर्षांच्या आत, साधी लाल तीन-चार वर्षांत. त्याहून जास्त टिकणाऱ्या मोजक्या, आणि त्याही नीट थंडाव्यात ठेवल्या तरच. बाटलीवरचं साल बघावं. आपल्याकडं वाईनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये होते, तेव्हा त्या सालची पांढरी वाईन बहुधा त्याच साली बाजारात येते. मी बाटलीच्या गळ्यात दोऱ्यानं पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधतो: कधी आणली, आणि कोणत्या सणाच्या आत उघडायची. शोकेसमधला दिवा बाटलीला मारतो, हे पाहुण्यांना सांगायचं राहून जातं.

३. बागायतदाराची जीभ सुरुवातीला आडवी येते.

आमच्या भागात द्राक्षाची पारख म्हणजे गोडी, कुरकुरीतपणा, लांब मणी आणि बी नसणं. शेजारच्या उत्तर सोलापूर तालुक्यातलं नान्नज हे त्या पारखीचं तीर्थ म्हणावं लागेल. नानासाहेब काळे यांनी तिथं थॉमसन सीडलेसच्या वेलीतून सोनाका निवडली, शरद सीडलेस हे काळं वाणही त्यांचंच. शेतकऱ्यानं मांडवाखाली उभं राहून, एका वेगळ्या दिसणाऱ्या फांदीवर डोळा ठेवून केलेलं हे संशोधन आहे. त्याचं कौतुक विद्यापीठांनी आणखी करायला हवं होतं, असं माझं मत.

पण वाईनला नेमकं उलटं लागतं. मणी बारीक हवा, साल जाड हवी, बी हवी. रंग, वास आणि तुरटपणा सालीत आणि बीमध्ये असतो, रसात नाही. आम्ही जीए या संजीवकात घड बुडवून मणी फुगवतो. वाईनवाल्याला फुगलेला मणी म्हणजे नुसतं पाणी. आम्ही 17-18 ब्रिक्स शुगर आली की व्यापाऱ्याला फोन करतो, वाईनवाला 22-23 ची वाट बघतो आणि त्याच वेळी आंबटपणा उतरून जाऊ नये म्हणून रोज मणी चाखतो. गावातले तात्या मला हमखास विचारतात, “आपल्या सोनाकाची का करीत न्हाईत रं?” करता येते, पण ती सपक होते. शिवाय परवान्याशिवाय घरी वाईन बनवणं कायद्यात बसत नाही, हेही तात्यांना सांगावं लागतं.

जीभ वळवायला मला एक युक्ती उपयोगी पडली. मणी खाताना साल आणि बी लगेच थुंकायची नाही, दाताखाली सावकाश चावायची. कच्चं जांभूळ खाल्ल्यासारखी जीभ ओढली गेली की लाल वाईनमध्ये काय शोधायचं ते कळतं.

४. लांबच्या आधी जवळचं चाखावं.

आमच्यापासून नाशिक लांब, अकलूज त्या मानानं जवळ. माळशिरस तालुक्यात मोटेवाडीच्या माळावर फ्रातेली ही वायनरी आहे. इटलीचे सेक्की बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि अकलूजचे मोहिते-पाटील बंधू यांनी ती मिळून उभी केली, आणि तोस्कानातले पिएरो मासी वाईन करायला आले. तिथं सांजोवेजे लावली आहे. इटलीत किआंती जिच्यापासून होते ती ही द्राक्षाची जात. त्यांची ‘सेत्ते’ ही सांजोवेजे आणि काबेर्ने सोव्हिन्यों मिळून केलेली, जरा दमानं प्यायची वाईन. साधी सांजोवेजे मला जास्त भावते. तिच्यात आंबटपणा टिकलेला असतो, आणि आमच्यासारख्या उन्हाच्या मुलखात आंबटपणा टिकवणं हीच खरी कसोटी.

इथं थोडं विषयांतर. आमच्याच जिल्ह्यात तेर आहे. लोक ते संत गोरोबाकाकांमुळं ओळखतात. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात ते ‘तगर’ म्हणून येतं. पैठण आणि तगरचा माल गाड्यांवर लादून भडोच बंदराला जायचा, आणि तगरहून जाणाऱ्या मालात कापड भरपूर. त्याच पुस्तकात भडोचला उतरणाऱ्या मालाच्या यादीत वाईन आहे: इटलीची पसंतीची, शिवाय लाओदिकियाची आणि अरबस्तानची. तेरच्या लामतुरे वस्तुसंग्रहालयात हस्तिदंती बाहुली बघितली तर तिच्याच घडणीची एक पाँपेईत सापडली आहे हे आठवावं. तगरच्या एखाद्या सावकारानं इटलीची वाईन चाखली असेल का, ते सांगायला पुरावा नाही. पण वाईन हे काल-परवा मुंबईहून आलेलं फॅड आहे असं कुणी म्हणालं की मी तेरचं नाव घेतो, आणि वाद निदान अर्धा तास लांबतो.

५. ‘रूम टेंपरेचर’वर विश्वास ठेवू नका.

लाल वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी असं बाटल्यांवरही लिहिलेलं असतं. ती खोली थंड देशातली, 16 ते 18 अंशांची. आमच्या चैतातल्या खोलीत तीच वाईन काढ्याच्या वाटेला लागते, नुसती दारू नाकात चढते. लाल बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावी, पांढरी तीन तास. वीज गेली तर बाटलीभोवती ओलं फडकं गुंडाळून वाऱ्यावर ठेवावी. आमची हवा कोरडी, फडकं झरझर सुकतं आणि बाटली निवते. लाल वाईनला एवढं पुरतं. पांढरीला पुरत नाही, तिला बर्फाच्या बादलीत बसवावं. ग्लासात बर्फ टाकू नये असं म्हणतात. मे महिन्यात दुपारी कुणी टाकला तर मी बघत नाही.

६. आपल्या ताटाशी जमतं, पण तिखटाची परवानगी घेऊन.

यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवलाय. सोलापुरी काळ्या मसाल्याचं मटण आणि भारी लाल वाईन अशी जोडी डोळ्यांपुढं छान दिसते, तोंडात मात्र आग होते. तुरटपणा आणि अल्कोहोल दोन्ही तिखटाला पेटवतात. त्या मटणाबरोबर हलकी, थोडी गार सांजोवेजे चालते, कारण तिचा आंबटपणा तेलाच्या तवंगाला कापतो. काबेर्ने ठेवावी सुक्या, कमी तिखट मटणाला.

शेंगाचटणी आणि कडक भाकरीला शेनँ ब्लाँ ही पांढरी वाईन. किंचित गोडसर, स्वच्छ आंबट. सुला या वायनरीनं 2000 साली आपली पहिली शेनँ आणि सोव्हिन्यों ब्लाँ बाजारात आणली तेव्हापासून ही महाराष्ट्रात सहज मिळते. शेंगदाण्याचं तेल, लसूण आणि ती, तिघं एकमेकांना सांभाळून घेतात. हुरड्याच्या दिवसांत, डिसेंबर-जानेवारीत, शेतात आगटीपाशी बसून शेनँ प्यावी. हुरड्याचा कोवळा गोडवा आणि राखेचा वास तिच्यात उतरतो. दुसऱ्या कुठल्या जोडीबद्दल मी एवढा हट्ट धरत नाही.

आपली जीभ आंबटाला परकी नाही, हेही लक्षात आलं. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, शेतात अंबिल पिऊन वाढलेल्या माणसाला सोव्हिन्यों ब्लाँचा आंबटपणा दचकवत नाही. नागर पाहुणे पहिल्या घोटाला तोंड वाकडं करतात, आमच्या काकू करत नाहीत. त्यांनी एकदा घोटभर घेऊन “ताकाला जरा दम कमी पडला” असा निकाल दिला. येळवशीच्या दिवशी मात्र बाटली शेतात न्यायची नाही. नवरात्रात बळदाला कुलूप. आई तुळजाभवानीच्या वाटेवरचं गाव आहे, ही शिस्त कुणी लादलेली नाही.

गोडाचं सांगायचं तर भूमच्या खव्याचे पेढे आणि उशिरा तोडलेल्या शेनँची गोड वाईन. थोडीशीच. दोन्ही आपापल्या जागी पुरेशी गोड असतात.

७. ओल्या गोणपाटाचा वास आला तर बाटली बाजूला.

बुचाच्या बाटलीत क्वचित एक दोष येतो: फळाचा वास गायब आणि त्या जागी भिजलेल्या पोत्याचा. बळदात वाढलेल्याला तो वास एका क्षणात कळतो. ती वाईन विषारी नसते, फक्त मेलेली असते. फिरकीच्या झाकणाच्या बाटल्यांना हा त्रास बहुधा होत नाही, त्या उभ्या ठेवल्या तरी चालतात. आडवी ठेवायची ती बुचाची, बूच ओलं राहावं म्हणून.

८. चाखणं आणि पिणं यांत मापाचा फरक आहे.

750 मिलीच्या बाटलीत 150 मिलीचे पाच ग्लास. अल्कोहोल 12 ते 14 टक्के. जानेवारी 2022 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं मोठ्या किराणा दुकानांत वाईन विकायचा निर्णय घेतला, तेव्हा वाईन म्हणजे दारू नव्हे असं बोललं गेलं. अण्णा हजाऱ्यांपासून अनेकांनी विरोध केला. मला विचाराल तर वाईन दारूच आहे, आणि तसं मानलं म्हणजेच तिच्याशी नीट वागता येतं. आमच्या घरी चारजणांत एक बाटली, तीही जेवणाबरोबर. ज्याला रात्री सोलापूरच्या रस्त्याला गाडी काढायची त्याला फक्त वास घ्यायला मिळतो. तेही कमी नाही, निम्मी चव नाकातच असते. ग्लास एक तृतीयांशच भरावा, गोल फिरवावा, नाक आत घालावं. पाहुणा पुस्तकी शब्द शोधू लागला की मी विचारतो, करवंद आठवतंय की जांभूळ, चिंच की कैरी? मग बोलणं सुरू होतं.

९. उघडलेली बाटली शिल्लक ठेवायची तर छोट्या बाटलीत.

हवा हाच तिचा वैरी. अर्धी उरली तर स्वच्छ धुतलेल्या 375 मिलीच्या बाटलीत काठोकाठ ओतून फ्रिजमध्ये ठेवली की दोन-तीन दिवस बरी राहते. त्यानंतर काकू ती मटणात घालतात. कांदा परतून झाल्यावर आणि वाटण घालायच्या आधी, म्हणजे अल्कोहोल बरंच उडून जातं आणि आंबटपणा राहतो. त्या दिवशी टोमॅटो लागत नाही.