शब्द-ओळख : जोखीम

मुलांनो, प्रवासात आजी 'जवळ जोखीम आहे' म्हणते, तेव्हा तिच्या पिशवीत दागिने किंवा रोकड असते. जोखीम म्हणजे धोका, आणि जपायची मौल्यवान वस्तूही!

मोठ्या कंपनीत कराची जोखीम असते. अनेक देशांत व्यापार, प्रत्येकाचा कायदा निराळा. चुकले तर दंड होतो, नावही जाते. म्हणून कर सल्लागार लागतो. हिशेब व कायदा शिकून, परीक्षा देऊन तो सुरुवातीला विवरणपत्रे भरतो. अनुभव आला की चूक कुठे होईल, निर्णय कोण घेणार, तपासणार कोण, हे आधीच ठरवून देतो.

ब्रिटनमध्ये २००९च्या कायद्याने मोठ्या कंपन्यांतील एका वरिष्ठ अधिकाऱ्यावर ही जबाबदारी टाकली. कराच्या हिशेबाची व्यवस्था नीट ठेवली नाही, तर ५,००० पौंड दंड कंपनीला नव्हे, त्या अधिकाऱ्याला होतो. २०१६च्या कायद्यानुसार २० कोटी पौंडांहून जास्त उलाढालीच्या कंपन्यांना आपले करधोरण दरवर्षी जाहीर करावे लागते. किती जोखीम पत्करणार, हेही त्यात येते.

कायद्यात राहून कर वाचवता येतो. लपवाछपवी केली की ती करचुकवेगिरी. चांगला सल्लागार वेळीच 'हे नको' म्हणतो.

स्वाध्याय : 'जोखीम' शब्द दोन्ही अर्थांनी वाक्यांत वापरा. आईबाबांची मदत चालेल!