ट्रॅकवरचे आकडे आणि घाटातले वळण

दोन स्पोर्ट्स कारपैकी सरस कोणती हे ठरवताना साधारणतः तीन आकडे पुढे केले जातात: ठरावीक ट्रॅकची एक फेरी पूर्ण करण्यास लागलेला वेळ, म्हणजे लॅप टाइम, वळणात गाडीने पेललेला आडवा जोर, जो गुरुत्वाकर्षणाच्या पटीत मोजतात आणि ज्याला ‘जी’ म्हणतात, आणि ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठण्यास लागणारे सेकंद. हे आकडे खोटे नसतात. परंतु ते ज्या परिस्थितीत मिळाले ती बाजूला सारून सातारा-सांगलीच्या रस्त्यांवर लावले, तर ते चालकाची दिशाभूल करतात, आणि पसरणी, यवतेश्वर, आंबेनळी किंवा कुंभार्ली घाटात अशा दिशाभुलीची किंमत जबर असते. या घाटांतील अनुभवाच्या आधारे गाडीची पारख करणाऱ्याला आणि ती घाटात नेणाऱ्याला वेळीच सावध करावे, हा या लेखनाचा हेतू आहे.

वळणात गाडीला वर्तुळाच्या मध्याकडे धरून ठेवणारे बल टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणातून येते, आणि टायरपाशी असलेली पकड एकाच वेळी वेग कमी करणे व दिशा बदलणे या दोन कामांत वाटली जाते. म्हणूनच भर वळणात जोराचा ब्रेक लावला की वळण्यासाठी पकड शिल्लक राहत नाही. पुढची चाके आधी सुटली आणि स्टीअरिंग फिरवूनही गाडी सरळ बाहेर जाऊ लागली, तर त्यास अंडरस्टीअर म्हणतात. मागची चाके आधी सुटून गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जाऊ लागला, तर ते ओव्हरस्टीअर होय. यांपैकी काय आधी घडेल हे बरेचसे वजनाच्या विभागणीवर अवलंबून असते. पोर्श ९११ चे इंजिन मागच्या ॲक्सलच्याही मागे असल्यामुळे वळणातून बाहेर पडताना तिच्या मागच्या चाकांना चांगला जोर मिळतो, मात्र वळणात अचानक ॲक्सिलरेटर सोडल्यास तोच मागचा भार गाडीला फिरवू पाहतो; फेरारी २९६ सारख्या गाडीचे इंजिन दोन्ही ॲक्सलच्या मध्ये असते, म्हणून ती झटकन दिशा बदलते, पण पकड सुटली की तितक्याच झटक्याने फिरते.

लॅप टाइमची तुलना किती नाजूक असते, हे जर्मनीतील न्यूरबुर्गरिंगच्या नॉर्डश्लायफे ट्रॅकच्या इतिहासावरून स्पष्ट होते. निस्सानने २००८ मध्ये आपल्या जीटी-आरसाठी ७ मिनिटे २९ सेकंदांचा वेळ जाहीर केला, तेव्हा पोर्शने तशीच गाडी स्वतः घेऊन चाचणी केली आणि आपल्याला ७ मिनिटे ५४ सेकंद लागल्याचे सांगून त्या दाव्यावर शंका घेतली. निस्सानने ती शंका अमान्य केली आणि वादाचा रोख टायर व चालक यांच्याकडे वळला. पुढे जून २०२१ मध्ये मांथाय या कंपनीच्या सुधारणा-संचासह धावलेल्या पोर्श ९११ जीटी२ आरएसच्या एकाच फेरीला दोन आकडे मिळाले: २०.८ किलोमीटरच्या पूर्ण फेरीसाठी ६ मिनिटे ४३.३ सेकंद आणि जुन्या पद्धतीने मोजलेल्या २०.६ किलोमीटरसाठी ६ मिनिटे ३८.८ सेकंद. तीच गाडी, तोच चालक आणि तीच फेरी असताना साडेचार सेकंदांचा फरक केवळ मोजण्याच्या रेषेमुळे पडला. टायर, हवेचे तापमान आणि चालक बदलल्यावर काय होत असेल, हे यावरून समजावे.

वाऱ्याच्या दाबाचेही असेच आहे. गाडीच्या पंखामुळे वाहती हवा तिला खाली दाबते, त्यास डाउनफोर्स म्हणतात, आणि तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पोर्श ९११ जीटी३ आरएसच्या ताज्या पिढीत ताशी २०० किलोमीटरला सुमारे ४०९ किलोचा दाब मिळतो. हाच हिशेब ताशी ४५ किलोमीटरपर्यंत खाली आणला तर जेमतेम २० किलो उरतात. घाटातील वळणे याच वेगाची किंवा त्याहून कमी वेगाची असतात, त्यामुळे ज्या पंखाने ट्रॅकवर सेकंद वाचवले त्याचा घाटात जवळजवळ काहीच उपयोग नसतो.

घाटाचे स्वतःचे गणित निराळे आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांप्रमाणे डोंगरी रस्त्यावरील तीव्र वळण, ज्याला हेअरपिन म्हणतात, त्याची आतल्या बाजूची त्रिज्या किमान १४ मीटर धरली जाते आणि त्यासाठी गृहीत धरलेला वेग ताशी अवघा २० किलोमीटर असतो. टायरची मर्यादा अर्थातच याहून वर आहे. १५ मीटर त्रिज्येच्या कोरड्या, सपाट वळणात ०.९ जी इतकी पकड असलेली घरगुती गाडी जास्तीत जास्त ताशी ४१ किलोमीटरने, तर १.२ जी पेलणारी स्पोर्ट्स कार ताशी ४८ किलोमीटरने जाऊ शकेल. म्हणजे वळणातला फरक ७ किलोमीटरचा. पुढच्या वळणाआधी मिळालेल्या सरळ पट्टीवर ६० मीटर वेग वाढवला, तर घरगुती गाडी ताशी ७० किलोमीटरच्या आसपास पोचते आणि स्पोर्ट्स कार १०५ किलोमीटर ओलांडते. पुढच्या वळणाआधी ब्रेकला जिरवावी लागणारी गतिज ऊर्जा त्यामुळे दर किलो वजनामागे सुमारे अडीचपट होते. या साऱ्या विवेचनाचे सार इथेच आहे: घाटात ताकदवान गाडीचा धोका वळणात कमी आणि दोन वळणांमधल्या पट्टीत अधिक असतो, कारण ती पट्टी तिला अशा वेगापर्यंत नेते की पुढचे वळण समोर येईपर्यंत विचाराला वेळच राहत नाही.

पकड शिल्लक असूनही गाडी थांबवता येईल अशी जागा समोर दिसली पाहिजे, आणि इथे गाडीचा दर्जा गौण ठरतो. त्याच मानकांनुसार सुरक्षित थांबण्यासाठी ताशी २० किलोमीटरला २० मीटर, तर ताशी ५० किलोमीटरला ६० मीटर रस्ता नजरेत असावा लागतो, आणि आतल्या अंगाला कातळ असलेल्या वळणात इतके क्वचितच दिसते. वळणापलीकडे पूर्ण रुंदी व्यापून येणारी एसटी असू शकते, कठड्यावरून उतरलेली माकडे असू शकतात, कासच्या फुलांच्या हंगामात यवतेश्वर घाटात कडेला थांबलेल्या गाड्यांची रांग असू शकते. महाबळेश्वरला वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्या दिवसांत आंबेनळीच्या वरच्या टप्प्यात जांभ्याचा तांबडा राडा रस्त्यावर उतरतो आणि धुके गाडीच्या नाकापर्यंत येते. ट्रॅकसाठी बनवलेल्या टायरला खाचा कमी असल्यामुळे पाणी बाहेर सारण्याची त्याची क्षमता तोकडी असते, आणि थंड ओल्या रस्त्यावर तो साध्या टायरहूनही लवकर साथ सोडतो.

सांगलीकडचा रस्ता सपाट असला तरी तेथील अडचण वेगळ्या प्रकारची आहे. उसाच्या गळीत हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्री मागच्या दिव्यांविना चालतात, आणि शेतातून डांबरी रस्त्यावर चढताना त्यांच्या चाकांबरोबर काळ्या रानाचा चिखल येतो, जो दवाने भिजला की बुळबुळीत होतो. याखेरीज गतिरोधकाची प्रमाणित उंची १० सेंटिमीटर असली तरी गावोगावी ती पाळली जात नाही, आणि जमिनीपासून ११-१२ सेंटिमीटरवर पोट असलेली गाडी तिथे हमखास घासते.

घाट उतरतानाचा ब्रेकचा अनुभव मात्र प्रत्येकाने आधीच समजून घ्यावा असा आहे. पसरणी घाट वाईच्या बाजूला उतरताना दर वळणाआधी ब्रेक दाबत राहिले, तर काही वळणांनंतर जळक्या अस्तराचा उग्र वास येऊ लागतो, पेडलची चाल लांबते आणि पाय नेहमीच्या ठिकाणी थांबेनासा होतो. यास ब्रेक फेड म्हणतात. डॉट ४ प्रतीचे ब्रेक ऑइल नवे असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण हवेतील ओलावा शोषला गेल्यावर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते, आणि ऑइल उकळून त्यात वाफ झाली की पेडलचा जोर वाफ दाबण्यातच खर्ची पडतो. त्यामुळे पावसाळ्याआधी ऑइल बदलणे, उतरताना गिअर खाली घेऊन इंजिनाचा अडसर वापरणे, वेग वळणाआधीच सरळ रेषेत कमी करणे आणि वास येताच सुरक्षित जागी थांबून ब्रेक गार होऊ देणे, हे नियम गाडी कितीही किमती असली तरी चुकवू नयेत. गार करताना तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नये, कारण त्याने डिस्क वाकते किंवा तडकते.

खंबाटकी घाटातील बोगद्यातून पुण्याकडे बाहेर पडल्यावर उतारावर येणारे ‘एस’ वळण अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे, आणि ते टाळण्यासाठी तिथे नवे सहापदरी जुळे बोगदे उभारण्याचे काम हाती घेण्यात आले. अशा जोडवळणात गाडीचे वजन एका बाजूच्या चाकांवर स्थिरावण्याआधीच दुसऱ्या बाजूला फेकले जाते. म्हणून पहिल्या वळणाचा वेग हा दुसऱ्या वळणाला साजेल असाच ठरवावा लागतो.

या विवेचनातून पारख करणाऱ्यासाठी काही नियम निघतात. दोन गाड्यांचे आकडे शेजारी मांडण्यापूर्वी ट्रॅक, मोजलेले अंतर, टायरची जात, हवेचे तापमान आणि चालक ही पाचही कलमे समान आहेत का, हे पाहावे, आणि ती समान नसल्यास त्या आकड्यांवरून सरस-निरस ठरवू नये. खरेदी करताना इथल्या रस्त्यासाठी गाडीचे पोट किती उंच आहे, पुढचे नाक वर उचलण्याची सोय आहे का आणि पावसाळी टायर मिळतात का, हे आधी विचारावे. वळणातली पकड अजमावण्याची इच्छा रास्त आहे, पण तिची जागा बंद ट्रॅक हीच होय: कोल्हापूरच्या मोहिते रेसिंग अकॅडमीच्या कार्टिंग ट्रॅकवर सुरुवात करून पुढे कोइमतूरचा कारी मोटर स्पीडवे किंवा चेन्नईजवळचा इरुंगाट्टुकोट्टईचा ट्रॅक गाठता येतो, जिथे चूक झाल्यास बाहेर मोकळी जागा असते आणि समोरून कोणी येत नाही. घाटात मात्र चालकाने एकच कसोटी लावावी: आपल्या बाजूचा जेवढा रस्ता स्पष्ट दिसतो तेवढ्यात गाडी थांबेल का? त्याचे उत्तर नाही असे असेल, तर गाडीचा लॅप टाइम कितीही चांगला असो, वेग त्याच क्षणी कमी केला पाहिजे.