छायाचित्राची साक्ष

डोळ्यांसमोर दिसणारे दुःख जगापुढे कसे मांडावे, हा प्रश्न प्रत्येक तरुण वार्ताहरापुढे उभा राहतो. विद्यार्थिमित्रांनो, सुनील जाना यांच्या आरंभीच्या कार्यातून त्याविषयी पुष्कळ शिकण्यासारखे आहे.

जाना यांचा जन्म १९१८ चा. कलकत्त्यास इंग्रजी वाङ्मयाचा अभ्यास करीत असताना छायाचित्रणाचा छंद त्यांच्या अंगी होता. १९४३ साली बंगालवर भीषण दुष्काळ कोसळला. ब्रह्मदेश जपान्यांनी जिंकल्यामुळे तेथील तांदूळ येईनासा झाला होता. शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून सरकारने किनारी भागातील होड्या काढून घेतल्या होत्या. १९४२ च्या ऑक्टोबरातील वादळाने मेदिनीपूरची शेते उद्ध्वस्त केली होती. त्यातच साठेबाजी वाढली आणि भाव इतके भडकले, की बाजारात तांदूळ दिसूनही मजुराला तो घेता येईना. सरकारी आयोगाने मृतांची संख्या सुमारे १५ लक्ष मानली. पुढील काही अभ्यासकांच्या मते ती ३० लक्षांच्या घरात जाते.

अशा वेळी पंचविशीतील जाना कम्युनिस्ट पुढारी पूरणचंद्र जोशी यांच्यासह दुष्काळी भागात फिरले. त्यांची छायाचित्रे मुंबईहून निघणाऱ्या 'पीपल्स वॉर' या पत्रात प्रसिद्ध झाली. चित्रकार चित्तप्रसाद यांनी मेदिनीपुरातील रेखाटने व टिपणे 'हंग्री बेंगॉल' या पुस्तिकेत दिली. सरकारने तिच्या प्रती जप्त केल्या. कलकत्त्याच्या 'स्टेट्समन'नेही ऑगस्ट १९४३ मध्ये दुष्काळाची छायाचित्रे छापली. त्यानंतर ही आपत्ती झाकून ठेवणे सरकारला कठीण झाले.

शब्द, रेखा आणि छायाचित्र यांचा हा मेळ म्हणजेच आजच्या बहुमाध्यमी पत्रकारितेचे पूर्वरूप होय. छायाचित्र 'हे घडले' अशी साक्ष देते. परंतु होड्या कोणी नेल्या, भाव का चढले, हे सांगावयास शब्दच लागतात. कारण कळले नाही, तर पाहणाऱ्याच्या मनात केवळ दया उपजते. कारण कळले, म्हणजे त्या माणसाचा अन्नावरील हक्क हिरावला गेला हे उमगते.

येथे एक नैतिक प्रश्नही आहे. भुकेल्यापुढे कॅमेरा धरावा, की घास? घास एकाची भूक भागवितो, चित्र हजारोंना जागे करते, हे खरे. तरीही समोरच्या माणसाची प्रतिष्ठा राखणे हे वार्ताहराचे पहिले कर्तव्य होय.

वृत्तपत्रात असे चित्र दिसले, की पान उलटण्यापूर्वी दोन गोष्टी शोधाव्यात: हा माणूस कोण, आणि ही वेळ त्याच्यावर कोणामुळे आली?