काच कोरडीच होती

कऱ्हाड-पाटण रस्त्यावर मी एकोणीस वर्षं वडाप चालवलं. त्या दिवशी दिवेलागणीला मल्हारपेठ सोडलं आणि समोरच्या काचेवर काजळीचा धागा लोंबतोय असं दिसलं. वायपर मारला, तर रबर कोरड्या काचेवर करकरलं. गाडी बाजूला घेऊन फडक्यानं काच पुसली. धागा तिथंच. नजर वळवीन तिकडं तोही वळायचा. शेवटी डावा डोळा मिटला, तेव्हा गेला.

तरी चार दिवस अंगावर काढले. लग्नसराई होती, फेऱ्या भरून जात होत्या. पाचव्या दिवशी सकाळी डाव्या डोळ्यापुढं नुसता लालसर धूर उरला, तेव्हा दवाखाना गाठला.

मला अकरा वर्षं साखर आहे. गोळ्या कधी घ्यायच्या, कधी राहायच्या. पण नजरेचा भारी गर्व. लायसनच्या दाखल्यासाठी तक्त्यावरची शेवटची ओळ घडाघडा वाचायचो. चष्म्याच्या दुकानात कॉम्प्युटरवर नंबरही काढला होता. म्हणजे डोळे तपासून झाले, असा माझा हिशेब.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पडद्याची तपासणी आजवर किती वेळा केलीत?"

"कसला पडदा?" मी म्हटलं.

त्यांनी थेंब टाकून बाहुल्या मोठ्या केल्या, आतला फोटो काढला आणि दाखवला. नारिंगी गोल, त्यावर तांबडे ठिपके आणि पिवळसर डाग. भाकरी जागोजागी करपावी तसे. वाढलेल्या साखरेनं पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या झिरपतात, काही बुजतात. रक्त कमी पडलं की नव्या वाहिन्या उगवतात, पण इतक्या कच्च्या की आपोआप फुटतात. काचेवरचा तो धागा माझंच रक्त होतं.

खरा धक्का उजव्या डोळ्यानं दिला. तिथंही नव्या वाहिन्या आल्या होत्या. आणि त्याच डोळ्यानं मी तासाभरापूर्वी तक्त्याची शेवटची ओळ वाचली होती! म्हणजे पडदा आधी बिघडतो, नजर मागाहून जाते. मधला जो काळ असतो, तोच उपचाराचा. डाव्या डोळ्यापुरता तो मी घालवला.

पुढं लेसर झालं, डोळ्यात इंजेक्शनं झाली. इंजेक्शनच्या नावानंच मला घाम फुटला होता. पण बधिर करायचे थेंब टाकतात, किंचित दाबल्यासारखं वाटतं, संपलं. उजवा डोळा वाचला. डाव्यानं आज माणूस दिसतो, चेहरा ओळखू येत नाही. लेसर पुढचं नुकसान रोखतं, गेलेली नजर सहसा परत आणत नाही. वडाप भाच्याकडं दिलं.

आपण जात का नाही, याचा मी बसून खूप विचार केला. दुखत नाही, हे पहिलं कारण. साखरेचे डॉक्टर साखर बघतात, चष्मेवाला नंबर बघतो. पडद्याचं कुणी विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही. थेंब टाकले की चार-सहा तास धूसर दिसतं, गाडी चालवता येत नाही, म्हणजे रोजगाराचा खाडा. सोबत माणूस लागतं, त्याचाही खाडा. माझ्या बायकोलाही साखर आहे. "तुम्हाला सवड झाली की जाऊ" म्हणत तिनं सहा वर्षं काढली. आणि खरं सांगू? काहीतरी निघालं तर लायसन जाईल, ही भीतीही होतीच.

म्हणून सांगतो. मोठेपणी होणारा, म्हणजे टाइप २ मधुमेह निघाला की लगेच पडदा तपासा. तो किती वर्षं आधीपासून मुरलाय कुणाला ठाऊक? लहानपणीच इन्सुलिन लागलेल्यांनी आजार निघाल्यापासून पाच वर्षांच्या आत सुरुवात करावी. नंतर साधारण वर्षाला एकदा, किंवा डॉक्टर सांगतील तसं. मधुमेह असलेल्या बाईला दिवस राहिले तर पहिल्या तीन महिन्यांतच दाखवावं. दवाखान्यात गेल्यावर "डोळे तपासा" म्हणू नका, "साखर आहे, पडदा तपासा" म्हणा. काही ठिकाणी थेंब न टाकता कॅमेऱ्यानं फोटो काढतात, तेही विचारा. जाताना गाडी घरी ठेवा, काळा चष्मा आणि साखरेची फाइल बरोबर घ्या.

अधूनमधून एकेक डोळा झाकून बघा. दोन्ही उघडे असले की चांगला डोळा वाइटाचं झाकून नेतो. काळे ठिपके, जाळं, सरळ रेघ वाकडी दिसणं, बाजूनं पडदा सरकल्यासारखं वाटणं, यातलं काही झालं तर त्याच दिवशी निघा. साखरेइतकंच रक्तदाबाकडं लक्ष द्या. आणि बरं वाटलं म्हणून इंजेक्शनच्या तारखा सोडू नका.

२०२३ साली जाहीर झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीत देशात १० कोटींवर मधुमेही असल्याचा अंदाज निघाला. आमच्या थांब्यावरच चहाच्या वेळी खिशातून गोळ्यांची पाकिटं निघतात. "पडदा कधी दाखवला?" असं मी विचारतो, तर ते नाकावरच्या चष्म्याकडं बोट दाखवतात.

गाडीच्या विम्याची तारीख माझी कधी चुकली नाही. दरवर्षी नवं कॅलेंडर आलं की आधी तीच लिहायचो. आता विमा भाचा भरतो. मी त्या चौकोनात लिहितो : पडदा, दोघांचा.